मातीचा निरोप

नवीन माणूस भेटला की आपण त्याला गाव विचारतो. फार चौकस असलो तर आडनाव विचारतो आणि त्यावरून पुढचं सगळं मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. हिरामण सरांनी यातलं काहीच विचारलं नाही. सिंदेवाही तालुक्यातल्या त्या शाळेत मी मराठीची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. शिक्षकांच्या खोलीत माझ्या हातात चहाची कपबशी होती, आणि समोर येऊन ते म्हणाले, "बाई, तुमची माणसं कुठी हायेत?"

"ब्रह्मपुरीला," मी म्हटलं. "वडील आहेत, दोघे भाऊ आहेत."

"ते नाई वो. गेलेली माणसं. त्याईची जागा कुठी हाये?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. नोकरीचा पहिला दिवस, आणि हा बाबा मला मसणवटीचा पत्ता विचारतो! मी तोंड फिरवून चहा संपवला. मधल्या सुट्टीत कळलं की पोरं त्यांना मागून 'मसण्या सर' म्हणतात. म्हटलं, बरोबर म्हणतात. खरं तर उत्तर मला येत नव्हतं, म्हणूनच एवढा राग आला होता. माझी आजी कुठे ठेवली आहे ते मला ठाऊक नव्हतं.

सर चित्रकला शिकवत. बुटके, काळेसावळे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दहाही नखांत डांबर. रस्त्याच्या कामावरून पिंपाच्या तळाचं उरलेलं डांबर ते मागून आणत, डब्यात भरून ठेवत. रविवार आला की तो डबा, एक कुंचला आणि चित्रकलेचे मोठे कागद सायकलला बांधून निघत ते दिवेलागणीला परत. "तेलरंग पावसानं सोलून निघते. डांबर राह्यते," असं ते मला दर भेटीत सांगत, जणू मी कुठे लावणार होते.

आमच्या झाडीपट्टीत बरीच घरं माणूस गेला की त्याला मातीत ठेवतात. गावाची मसणवट असते, पण जुन्या घरांची आपापली जागाही असते. धानाच्या खाचराला आम्ही बांधी म्हणतो आणि तिच्या बांधाला धुरा. कुणाची माणसं अशा धुऱ्यावर असतात, कुणाची तलावाच्या पाळीखाली, कुणाची मोहाच्या सावलीत. डोक्याशी एक अनघड दगड, त्यावर नाव नाही की काही नाही. ज्यानं ठेवला तो जिवंत असेपर्यंत ती आजोबांची जागा असते. मग तो नुसता दगड होतो, आणि एखाद्या उन्हाळ्यात उचलून विहिरीच्या कठड्यात बसवला जातो.

सरांचं सगळं काम या दगडांसाठी होतं. घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस धरून त्या जागेवर न्यायचं, बसवायचं, पाणी द्यायचं आणि बोलू द्यायचं. कोण कुठे ते कळलं की झाडांच्या खुणांसकट जागेचं चित्र काढायचं, दगडावर डांबरानं नाव लिहायचं. आणि मग त्या घरच्या लेकरांना एकेका दगडावर हात ठेवून नाव मोठ्यानं म्हणायला लावायचं. कागद ते घरच्यांनाच देऊन टाकत. "कागदाले वाळवी लागते, तोंडाले नाई लागत," म्हणत.

रानात कुठेही बसायची वेळ आली की दगडाकडे पाहून विचारत, "कोणी हाये का गा?" आणि जरा थांबून मगच बसत. हेडमास्तर एकदा म्हणाले, "सर, एखाद्या दिवशी उत्तर आलं तर काय कराल?"

"तं उभा राहीन," सर म्हणाले. अजिबात हसले नाहीत.

त्यांच्या समाजातली तरुण पोरं त्यांच्यावर चिडायची. छप्पन्न साली धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले, आणि हा शिकलेला माणूस पुन्हा दगडांमागे लागला, असा त्यांचा मुद्दा. एकानं शाळेच्या फाटकात अडवून विचारलं, "सर, लोक पुढं जाऊन राह्यले अन् तुम्ही मागं काऊन नेऊन राह्यले?" सर म्हणाले, "देव सोडले गा, मायबाप सोडा म्हणून कोणी सांगतलं?" पुढच्या रविवारी तोच पोरगा आपल्या आजोबांना घेऊन आला.

दुसऱ्या बाजूचेही चिडायचे. ब्रह्मपुरीजवळ एका पाटलांच्या घराच्या चुन्याच्या समाध्या होत्या. शेत विकलं गेलं होतं, आणि नवा मालक समाधीला बैल बांधायचा. सरांना ते कुठून तरी कळलं. ते म्हाताऱ्या पाटलीणबाईंकडे गेले. बाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "तुम्ही आमच्या समाधीले हात लावाल?" ऐंशी सालानंतरची गोष्ट ही, फार जुनी नाही. मी असते तर तिथूनच परत फिरले असते, आणि दोन शब्द सुनावून फिरले असते. सर म्हणाले, "मी नाई लावत, बाई. तुम्ही लावा. मी दुरून चित्र काढतो." आणि खरोखर ते शेताच्या शिवेवर बसले आणि म्हातारीनं भर दुपारी स्वतः पाणी ओतून सासऱ्याची समाधी धुतली. धुताना रडली. निघताना तिनं सरांना प्यायला पाणी दिलं, पण वरून ओंजळीत ओतून. मी हे ऐकून भडकले. सर म्हणाले, "ते पाहून बैल तं सोडला ना बाई त्या मालकानं. तेवढंच काम होतं."

एवढं सगळं करणाऱ्या माणसाची स्वतःची गोष्ट मला त्यांच्या बायकोकडून, सुगंधाबाईंकडून कळली. सर लहान असताना भर पावसाळ्यात त्यांची आई गेली. सर तापानं फणफणले होते, म्हणून त्यांना मातीला नेलं नाही. पाऊस सरला की दगड ठेवू असं ठरलं. पाऊस सरला आणि कापणी आली, कापणी सरली आणि वडील कामाच्या शोधात परमुलखात गेले ते तिकडेच संपले. दगड राहून गेला. घराण्याची जागा ठाऊक होती, गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली, धुऱ्याला लागून. त्यात आई नेमकी कुठे ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

आणि ती जागा दरवर्षी बारीक होत होती. लगतची बांधी सरांच्या चुलतभावाची, किसनची. चिखलणी आली की किसन धुरा थोडा कोरायचा. दरसाल फावड्याची एखादी धार, जास्त नाही. किसन वाईट माणूस नव्हता. पोटाला चार पोरं आणि जमीन बोटभर. सर बोलायला गेले की म्हणायचा, "दादा, मेलेल्यायले का पीक काढाचं हाये?" आणि नवं धान निघालं की हाच किसन पायलीभर तांदूळ सरांच्या घरी नेमानं आणून द्यायचा. सर त्याला आदरानं बसवत, चहा देत. तो भात मात्र खात नसत. सुगंधाबाई तांदूळ शेजारी वाटून टाकायच्या. मला हा हेका वाटला. मी म्हटलं, "सर, भांडण धुऱ्याचं आहे, भातानं काय घोडं मारलंय?"

सर नखातलं डांबर कोरत बसले. मग म्हणाले, "त्या बांधीत माही माय असन तं, बाई?"

त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही.

जागा राखायची तर वर्षातून एकदा सगळ्या भाऊबंदांनी येऊन झाडझूड करावी, धुरा सरळ करावा, एवढंच सरांचं मागणं होतं. भाऊबंद विखुरलेले. कुणी चंद्रपूरला कोळशाच्या खाणीत, कुणी नागपुरात, कुणी ब्रह्मपुरीला. सरांनी पत्रं टाकली. कुणाच्या पोराचे पेपर, कुणाला सुट्टी नाही. सलग तीन वर्षं चिटपाखरू आलं नाही. चौथ्या वर्षी सरांनी पत्र टाकलंच नाही. सकाळच्या यस्टीच्या कंडक्टरला फक्त म्हणाले, "आमच्या इथी माती हाये. उद्या सकाळी या म्हणा सगळ्यायले."

आता आमच्याकडे 'माती हाये' म्हणजे कुणीतरी गेलं. असा निरोप आणणारा मेलेल्याचं नाव घेत नाही, ऐकणारा विचारत नाही. हातातलं काम टाकून निघायचं, बस. लग्नाला नाही गेलं तर चालतं, मातीला नाही गेलं तर तोंड दाखवता येत नाही. तो निरोप या कंडक्टरकडून त्या कंडक्टरकडे दिवस मावळायच्या आत चंद्रपूर-नागपूरला पोचला. मलाही पोचला. मी धरून चालले की सुगंधाबाई गेल्या. दम्याचा त्रास होताच त्यांना. पांढरं लुगडं नेसून, वाटभर डोळे पुसत मी मोहाच्या झाडापाशी पोचले, तर सुगंधाबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होत्या!

"या बाई," म्हणाल्या. "साखर कमी पडन का?"

मला हसावं की ओरडावं कळेना. तेवढ्यात रस्त्याकडून हेल ऐकू आला. सरांची जनाआत्या, वैनगंगेपलीकडे दिलेली, शिवेपासूनच रडत येत होती. "माह्या हिरामणा रे, माह्या सोन्या रे, कुठी गेलास रे..." आणि समोर हिरामण, हातात घमेलं धरून उभा. आत्याचा हेल मध्येच तुटला.

"तू जित्ता हायेस?"

"हाव, आत्या."

"मेल्या! जित्ता हायेस तं रडवलं काऊन आमाले?" असं म्हणून तिनं चप्पल काढली आणि पन्नाशीतल्या त्या मास्तराला सगळ्यांदेखत दोन ठेवून दिल्या. सर हललेही नाहीत. घमेलं तिच्यापुढे धरून म्हणाले, "मी खोटं कुठी बोललो? मातीच तं हाये."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. खाणीतून आलेला पुतण्या शिव्या देत देतच फावडं उचलायला गेला. आत्या धापा टाकत बसली, चहा प्याली, आणि म्हणाली, "आता रडलीच हाये तं वाया कायले घालू." मग ती उठली आणि एकेका दगडापाशी जाऊन ज्याच्या त्याच्या नावानं रडली. हा आजा, ही मोठी काकू, हा देवीनं गेलेला पोरगा. सर मागून डांबराचा डबा घेऊन. सगळ्या दगडांना नाव मिळालं.

शेवटी सर म्हणाले, "आत्या, अन् माय?"

आत्या बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिली. "गंगा चढली होती रे. डोंगा लागत नव्हता. मी पल्याड सासरी होती, मले नाई येता आलं." मग हळू आवाजात म्हणाली, "इथीच कुठी असन."

सगळ्यांच्या माना आपोआप धुऱ्यापलीकडे, किसनच्या बांधीकडे वळल्या. तो तिथेच उभा होता. "माह्याकडे काऊन पाहता?" तो म्हणाला. "मी तं तवा जन्मलोही नव्हतो." खरंच होतं ते. सर म्हणाले, "बरं," आणि त्यांनी किसनला चहाचा गिलास नेऊन दिला.

तेव्हापासून ती रीतच पडली. कापणी-मळणी उरकली की मातीचा निरोप सुटायचा, आणि माणसं हसत हसत विळे, फावडी, कुदळी घेऊन यायची. भाताचे डबे, लेकरंबाळं, सगळा मेळा. शेजारच्या गावांनीही ही युक्ती उचलली. कंडक्टर तिकीट फाडताना विचारायचे, "खरी माती का हिरामण सरची?"

एका साली शाळेची सहल आलापल्लीला सागवानाचं जंगल पाहायला गेली. मुलं जेवायला बसली आणि सर गायब. लाकडाच्या डेपोवरच्या एका चौकीदाराला घेऊन ते जवळच्या माडिया पाड्यावर गेल्याचं कळलं. त्यांना ओढून आणायचं काम माझ्याकडे आलं. मी पोचले तेव्हा ते एका घराण्याच्या उभ्या दगडांपुढे उभे होते. पुरुषभर उंचीचे, रांगेनं लावलेले. सरांचा डबा उघडलेला, कुंचला हातात. त्या घरचा म्हातारा गोंडीत काहीतरी बोलला.

"म्हणते, काय लिहिता?" चौकीदारानं सांगितलं.

"नाव. पुढच्या लोकायले समजाले पायजे."

म्हातारा हसला. चौकीदार जरा अडखळला, मग म्हणाला, "म्हणते, तुमी तुमच्या मायच्या कपाळावर तिचं नाव लिहिता का?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. म्हाताऱ्यानं पुन्हा काही विचारलं. तुझ्या आईचा दगड कसा आहे, असं. सर म्हणाले, "ठेवाचा राहून गेला." त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. चौकीदारानं ते सांगितल्यावर म्हाताऱ्यानं मान हलवली. त्यांच्याकडे ऐपत होईल तेव्हा दगड ठेवतात, दोन साल लागो की दहा, त्याला उशीर म्हणत नाहीत, असं काहीसं तो बोलला आणि त्यानं सरांना तंबाखू दिली. 

पुढच्याच आठवड्यात त्यांनी नाल्यातून एक काळा दगड निवडून आणला आणि अंगणात भिंतीला टेकवून ठेवला. सुगंधाबाईंना त्याच्यावर धुणं आपटू देत नसत. "कुठी ठेवाचा हाये हा?" त्या विचारायच्या. "जागा समजन तवा," असं उत्तर असायचं. तो दगड पुढची दोन-तीन वर्षं तिथेच होता. मी गेले की पाऊल चुकवून जायचे.

मग माझी बदली ब्रह्मपुरीला झाली. एका कार्तिकात सकाळच्या गाडीचा कंडक्टर घरी आला. "बाई, हिरामण सरच्या इथी माती हाये. उद्या सकाळी."

"यंदा एवढ्या लवकर? उशिरा पिकणारं भारी धान तर अजून उभं आहे."

"सरले घाई झाली असन," तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो.

मी जुनं लुगडं नेसले आणि विळा घेतला. गाडीत खाणीतला पुतण्या भेटला, कुदळ सीटखाली सरकवून बसलेला. जनाआत्या आता पार वाकली होती, तरी नातवाचा हात धरून आली. "मेला कापणीच्या आधीच बोलावते," ती कुरकुरली. आम्ही थेट मोहाखाली गेलो. चूल मांडलेली नव्हती. कुणी म्हणालं, म्हातारपणी आळशी झाले सर. एकानं गवत कापायला सुरुवातही केली.

तेवढ्यात गावाकडून माणसं येताना दिसली. सगळी पांढऱ्या कपड्यांत. पुढे सुगंधाबाई चालत होत्या, आणि त्यांच्या मागे चौघांच्या खांद्यावर सर होते.

ताप डोक्यात गेला होता. रविवारी कुठल्या तरी रानातल्या जागेवरून आले आणि अंथरुणाला लागले, दोन दिवसांत आटोपलं. सुगंधाबाईंनी रीतीप्रमाणं नाव न घेता निरोप दिला होता. आम्ही विळे, फावडी, कुदळी घेऊन उभे, आणि एकाच्याही अंगावर पांढरं नव्हतं. जनाआत्या खाली बसली. त्या दिवशी तिला रडायला सूर सापडला नाही.

मी जवळ जाऊन पाहिलं. स्वच्छ धुतलेला चेहरा, इस्त्रीचा शर्ट. सुगंधाबाईंनी हात घासघासून धुतले होते, पण नखातलं डांबर निघालं नव्हतं.

वंदना झाली. आणि मग खणायचं कुठे, असा प्रश्न आला. दरसाल धुरा सरळ करूनही आधी कोरलेली भुई परत आली नव्हती, आणि जागा एवढी बारीक झाली होती की नाव लिहिलेल्या दगडांमध्ये सरांपुरतीही भुई उरली नव्हती. एका कडेला थोडी मोकळी होती, पण कुदळ कुणी उचलेना. जिथे खाली कोण आहे ते माहीत नाही तिथे घाव घालायचा नाही, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. ज्या माणसानं सगळ्यांच्या जागा राखल्या, त्याला ठेवायला त्याच्या घराण्यात जागा नव्हती. पुतण्या दबक्या आवाजात म्हणाला, "गावच्या मसणवटीत नेऊ का?" 

किसन धुऱ्यावर उभा होता. तो खाली उतरला, आपल्या बांधीत शिरला आणि पिकलेल्या धानात उभा राहून म्हणाला, "इथी ठेवा दादाले."

"धान उभं हाये रे," आत्या म्हणाली.

"विळे आणले ना तुमी सगळ्यायनं? मंग कापा."

कुणी हललं नाही. तेव्हा त्यानं माझ्याच हातातला विळा घेतला आणि पहिली मूठ स्वतः कापली. मग बाकीचे उतरले. धान कापून पेंढ्या कडेला ठेवल्या आणि मग हळूहळू, घाबरत घाबरत खणलं. खाली काही लागलं नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून कळत नाही.

माती दिल्यावर किसन सरांच्या घरी गेला आणि अंगणातला काळा दगड खांद्यावर घेऊन आला. त्यानं तो सरांच्या डोक्याशी ठेवला. आत्या म्हणाली, "हा तं त्याच्या मायचा होता." किसन म्हणाला, "असू दे. दोघायचा." पुतण्यानं डांबराचा डबा आणला होता, तो उघडायला लागला, तर सुगंधाबाईंनी त्याचा हात धरला. "नको रे," म्हणाल्या. "कपाळावर कोणी नाव लिहिते का?" म्हणजे आलापल्लीची ती गोष्ट सरांनी घरी सांगितली होती.

त्या वर्षी किसननं आणलेल्या तांदळाचा भात सुगंधाबाईंनी चुलीवर ठेवला. मी होते जेवायला. आणि उन्हाळ्यात किसननं धुरा नव्यानं बांधला, मोहापासून लांब, आपल्या बांधीच्या पार आतून, काळा दगड घराण्याच्या जागेत घेऊन. आमच्या मुलखात मागे सरकलेला धुरा मी तेवढा एकच पाहिला.